माळ्यावरची ट्रंक ते ऑनलाइन कॅटलॉग: जुन्या कागदपत्रांचं वर्णन नीट कसं करायचं

ठाणे-नवी मुंबईत सध्या जुने कागद खूप बाहेर निघतायत. सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाते, गावठाणातलं घर पाडून नवीन बांधतात, मग माळ्यावरची ट्रंक खाली येते आणि तिच्यात आजोबांच्या युनियनची पत्रकं, गावकमिटीची प्रोसिडिंग बुकं, जमीन संपादनाच्या नोटिसा, मोर्च्यांचे फोटो असं सगळं निघतं. घरातलं कोणीतरी उत्साहाने म्हणतं की सगळं स्कॅन करून ड्राइव्हवर टाकूया आणि तिथेच घोळ सुरू होतो, कारण नुसते नंबर असलेल्या हजारो फाईलींमधून पाच वर्षांनी त्या घरातल्यांनाही काही सापडत नाही, बाहेरच्या अभ्यासकाचं तर सोडूनच द्या.

माझं म्हणणं एकच आहे, स्कॅनर शेवटी आणा. आधी वर्णन लिहा, आणि तेही वरून खाली. म्हणजे पहिल्यांदा अख्ख्या संग्रहाबद्दल, मग त्यातल्या गटांबद्दल, मग फाईलींबद्दल आणि सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर, एकेका कागदाबद्दल. अख्ख्या संग्रहाचं एक पान नीट लिहून ऑनलाइन टाकलंत तर एकही स्कॅन नसताना लोक तुम्हाला शोधत येतील.

पुस्तकासारखं कॅटलॉग करू नका

आपल्याला वाचनालयांची सवय जुनी आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालयच 1893 पासूनचं, त्यामुळे कागद हातात आले की आपण पुस्तकांसारखी यादी करायला बसतो. पण पुस्तकावर नाव, लेखक, प्रकाशक छापलेलं असतं आणि ते एकटं वाचलं तरी समजतं. कागदांचं तसं नाही. एक नोटीस एकटी फारसं काही सांगत नाही, ती कोणाच्या फाईलीत होती आणि तिच्या मागेपुढे काय लावलेलं होतं त्यावरून अर्थ लागतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद रुमालांत बांधलेले आहेत आणि अभ्यासक आजही रुमालाचा नंबर देऊनच संदर्भ देतात, ते याच कारणाने.

म्हणून दोन नियम. एक, एका माणसाचे किंवा एका संस्थेचे कागद दुसऱ्यांच्या कागदांत मिसळायचे नाहीत, विषय एकच असला तरीही नाही. दोन, ज्या क्रमाने कागद मिळाले तो क्रम मोडायचा नाही. ट्रंक उघडल्या उघडल्या वरून मोबाइलने फोटो काढा, मग प्रत्येक गठ्ठा उचलायच्या आधी त्याचा, आणि गठ्ठ्यावर मऊ पेन्सिलने नंबर टाकलेली चिठ्ठी ठेवा. तारखेप्रमाणे लावून टाकण्याचा मोह होतो, तो आवरा. तारखेप्रमाणे लावणं कॉम्प्युटर एका क्लिकवर करतो पण मोडलेला क्रम परत जुळवता येत नाही.

स्टँडर्ड कुठली आणि त्यातलं कुठलं कशाला

इथे नावं ऐकून लोक घाबरतात म्हणून थोडक्यात सांगतो. 'इसाड-जी' हे इंटरनॅशनल कौन्सिल ऑन आर्काइव्ह्जचं स्टँडर्ड, दुसरी आवृत्ती 2000 ची, त्यात 26 रकाने आहेत आणि वर्णनात काय काय लिहायचं ते सांगितलंय. 'इसार' हे त्याचंच भावंड, दुसरी आवृत्ती 2004 ची, ते कागद निर्माण करणाऱ्या माणसांबद्दल आणि संस्थांबद्दल आहे. 'ईएडी' म्हणजे हीच माहिती एक्सएमएलमध्ये, म्हणजे मशीनला वाचता येईल अशा खुणा घातलेल्या मजकुरात, कशी बांधायची त्याचा साचा, त्याचं काम 1993 ला बर्कलीत सुरू झालं, पहिली आवृत्ती 1998 ची आणि 'ईएडी-3' 2015 ची. आणि 'डब्लिन कोअर' हा 15 रकान्यांचा साधा सेट, 1995 मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी झालेल्या बैठकीतून निघालेला, सुट्या फोटोंना आणि स्कॅनना एकदम सोयीचा. 2023 मध्ये 'रेकॉर्ड्स इन कॉन्टेक्स्ट्स' नावाचं नवीन मॉडेलही आलंय, पण छोट्या संग्रहाने आत्ता त्याच्या मागे लागायची गरज नाही, इसाड-जी नीट भरलेलं असेल तर पुढे त्यात नेता येतं.

ईएडी हाताने लिहायची पण गरज नाही, सॉफ्टवेअर ते काढून देतं. तुमचं खरं काम इसाड-जीचे रकाने विचार करून भरायचं.

एक उदाहरण धरून चालू

समजा नेरूळ गावातल्या एका प्रकल्पग्रस्त समितीच्या सेक्रेटरींची ट्रंक आहे. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं, ते शहर वसवणारं सरकारी महामंडळ सिडको 1970 साली स्थापन झालं, त्यामुळे अशी ट्रंक इथल्या कितीतरी घरांत असू शकते. तिच्यात काय असेल? भूमी संपादन कायदा 1894 खालच्या नोटिसा, कलम 4, कलम 6, कलम 9 च्या. अवॉर्डच्या, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या निवाड्याच्या, नकला. वाढीव मोबदल्यासाठी कलम 18 खाली केलेले अर्ज आणि वकिलांची पत्रं. सातबारे. मीटिंगची प्रोसिडिंग बुकं. 1984 च्या जानेवारीत जासईला झालेल्या आंदोलनाची पत्रकं, वर्तमानपत्रांची कात्रणं. साडेबारा टक्के योजनेचे, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड मिळण्याचे, अर्ज. फोटो, आणि एखाद-दोन कॅसेट.

याचे थर असे पडतात. सगळ्यात वर अख्खा संग्रह, ज्याला इसाड-जीत 'फाँड्स' म्हणतात. त्याखाली सिरीज, म्हणजे एकाच कामातून तयार झालेले कागद: संपादन आणि मोबदला ही एक सिरीज, समितीच्या मीटिंगा दुसरी, आंदोलनं तिसरी, साडेबारा टक्के चौथी. त्याखाली फाईली, त्याखाली सुटा कागद. सिरीज ठरवताना "हा कागद कुठल्या कामासाठी तयार झाला" एवढंच विचारा, "हा कशाबद्दल आहे" हे विचारू नका. फोटो दिसले म्हणून सगळे फोटो उचलून एक सिरीज करायची नाही, मोर्च्याचा फोटो जर मोर्च्याच्या फाईलीत असेल तर तो तिथेच राहतो आणि वर्णनात लिहायचं की फाईलीत इतके फोटो आहेत.

सहा रकाने, जे सोडता येत नाहीत

26 पैकी 6 अत्यावश्यक मानलेत.

संदर्भ कोड. देशाचा कोड, तुमच्या संस्थेचा किंवा घराचा कोड, संग्रह, सिरीज, फाईल, मध्ये डॅश. नंबर 001 असे तीन आकडी ठेवा म्हणजे सॉर्टिंग बिघडत नाही. कोड आणि स्कॅनच्या फाईलींची नावं इंग्रजी अक्षरांतच ठेवा, मध्ये स्पेस नको, देवनागरी फाईलनेम काही सॉफ्टवेअरमध्ये अडकतात. आणि एकदा दिलेला कोड परत बदलायचा नाही, कारण कोणीतरी तो आपल्या प्रबंधात छापलेला असतो.

शीर्षक. "जुनी कागदपत्रं" हे शीर्षक नाही. कोणाचे, कसले, एवढं तरी यायलाच हवं. "नेरूळ गाव प्रकल्पग्रस्त समितीचे कागद" चालेल, फाईलीला "कलम 18 खालचे मोबदलावाढीचे अर्ज" चालेल. फाईलीवर सेक्रेटरींनी स्वतःच्या हाताने काही लिहिलेलं असेल तर ते आहे तसं घ्या, शुद्धलेखन सुधारू नका, आणि टिपेत लिहा की हे मूळ शीर्षक आहे.

निर्माता, म्हणजे ज्याच्या कामातून हे कागद जमले तो. नोटीस सरकारने काढली तरी फाँड्सचा निर्माता समितीच राहते, कारण जमवलं तिने.

तारीख. यावर पुढे वेगळं लिहितो कारण आपल्याकडे हे प्रकरण मोठं आहे.

आकारमान. "2 ट्रंका" हे पुरेसं नाही, ट्रंक केवढी ते कोणाला कळणार? फाईली उभ्या लावल्या तर फळीवर किती मीटर जागा लागते ते लिहा, सोबत फाईली किती, फोटो किती, कॅसेट किती.

आणि थर, हे फाँड्स आहे की सिरीज की फाईल. हा रकाना सगळ्यात छोटा आणि लोक हमखास रिकामा ठेवतात, मग ऑनलाइन गेल्यावर सगळं एका ढिगात दिसतं.

ज्यात खरा जीव आहे ते रकाने

सहा भरले की नियम पाळला गेला, पण वाचणाऱ्याला उपयोग होतो तो पुढच्या तीन रकान्यांचा. पहिला निर्मात्याचा इतिहास: समिती कधी झाली, कशासाठी, कोण कोण होते, कुठल्या गावांचा संबंध होता. दुसरा हस्तांतराचा इतिहास: कागद सेक्रेटरींकडे होते, मग मुलाकडे, मधे पावसात एक ट्रंक भिजली, अमुक फाईल वकिलांकडे राहिली आणि परत आली नाही. जे नाही आणि का नाही हे लिहिणं फार महत्त्वाचं आहे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं की त्या वर्षांत समितीने काही केलंच नाही. आणि घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर हे विचारून घ्या, हे दोन्ही रकाने कागदांवरून भरत नाहीत, माणसांकडून भरतात.

तिसरा रकाना व्याप्ती आणि आशय. इथे लोक एकतर एक ओळ लिहितात किंवा कौतुक लिहितात. "या अमूल्य ठेव्यात भूमिपुत्रांच्या संघर्षाचं दर्शन घडतं" यातून शोधणाऱ्याला काहीच मिळत नाही. त्याऐवजी असं लिहा: "नेरूळ गावातल्या खातेदारांना आलेल्या कलम 9 च्या नोटिसा, अवॉर्डच्या नकला, मोबदला वाढवून मिळण्यासाठीचे अर्ज आणि त्यावरचा वकिलांशी पत्रव्यवहार. अर्जांना सातबाऱ्याच्या हस्तलिखित नकला जोडलेल्या आहेत. मिठागरांत आणि भातशेतीत काम करणाऱ्या कुळांची नावं काही अर्जांत येतात." आता कुळांवर काम करणारी एखादी मुलगी "मिठागर" शोधेल तेव्हा तिला हे सापडेल. लोक सर्च करताना कुठले शब्द टाकतील याचा विचार करून लिहा, अधिकृत शब्द आणि गावातला शब्द दोन्ही घाला.

आणि एक नियम जो वेळ खूप वाचवतो, वर लिहिलेलं खाली परत लिहायचं नाही. समितीचा इतिहास फाँड्सवर आला की प्रत्येक फाईलीत त्याची कॉपी-पेस्ट नको, फाईलीत फक्त त्या फाईलीचं वेगळेपण.

तारखा

दोन रकाने ठेवा. एकात माणसाला वाचायची तारीख, जशी कागदावर आहे तशी: "शके 1806, कार्तिक", "अंदाजे 1983", "तारीख नाही, मजकुरावरून 1984 नंतर". दुसऱ्यात मशीनसाठी सुरुवात आणि शेवट, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, 1984-01-17 असं. मशीनची तारीख नसेल तर वर्षाप्रमाणे शोध चालतच नाही.

शके असेल तर चैत्रापासून डिसेंबरपर्यंत 78 मिळवा, जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत 79. मोडी कागदांवर शुहूर सन ही जुनी कालगणना असेल तर जूनपासून डिसेंबरपर्यंत 599 आणि त्यापुढे मे अखेरपर्यंत 600, कारण ते वर्ष मृगाला सुरू होतं. महिना वाचता येत नसेल तर दोन्ही वर्षं धरून रेंज द्या, उगाच एक वर्ष ठोकून देऊ नका. "अंदाजे" हा शब्द लाजिरवाणा नाही, चुकीची पक्की तारीख त्याहून वाईट, ती पुढे दहा जण उचलतात.

माणसांची आणि गावांची नावं

एकच माणूस कागदांत किती नावांनी येतो बघा. प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील, दिनकर बाळू पाटील, डी. बी. पाटील, आणि पत्रकांत नुसतं 'दिबा'. चारही नावं चार वेगळी माणसं म्हणून गेली तर शोध फुटतो. इसारचं म्हणणं असं की प्रत्येक माणसाची एक वेगळी नोंद करा, एक रूप अधिकृत ठरवा (पाटील, दिनकर बाळू, 1926–2013), बाकी सगळी रूपं त्याच नोंदीत पर्यायी नावं म्हणून घाला, आणि फाईलींतून त्या नोंदीला लिंक द्या. आगरी-कोळी गावांत एकाच नावाची, एकाच आडनावाची माणसं भरपूर असतात, तिथे वडिलांचं नाव आणि गाव जोडल्याशिवाय नोंद करू नका. विकिडेटावर, म्हणजे विकिपीडियाच्या खुल्या माहितीसाठ्यात, त्या व्यक्तीचा नंबर असेल तर तोही टाका.

गावांचंही तसंच. ठाणे, जुन्या मराठीत ठाणें, 1882 च्या गॅझेटियरमध्ये इंग्रजीत 'थाना', त्याआधीच्या इंग्रजी कागदांत 'टन्ना'. पनवेल-उरणच्या जुन्या कागदांवर जिल्हा कुलाबा दिसेल, तो 1981 साली रायगड झाला. 2014 च्या आधीच्या कागदात "ठाणे जिल्हा" म्हटलं तर त्यात आजचा पालघरही येतो. कागदावरचं नाव तसंच ठेवा आणि आजचं नाव ठिकाणाच्या रकान्यात वेगळं द्या. आणि नोड (सिडकोने वसवलेला शहरी भाग) की गाव तेही स्पष्ट करा, नेरूळ गाव वेगळं आणि नेरूळ सेक्टर वेगळा, वाशीचंही तसंच, कागद वाचताना हा फरक सगळं बदलतो.

मराठी टाइप करताना

सगळं युनिकोडमध्ये. जुन्या याद्या श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेल्या असतील तर आधी कन्व्हर्टरने बदलून घ्या आणि मग डोळ्यांनी तपासा, जोडाक्षरं आणि रफार बिघडतात. "ऱ्य" दोन-तीन पद्धतींनी टाइप होतो, दिसायला सारखा पण मशीनला वेगळा, म्हणून टीममध्ये सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरा.

भाषा आणि लिपी हे दोन वेगळे रकाने आहेत. भाषा मराठी असली तरी लिपी मोडी असू शकते, लिप्यांच्या आयएसओ 15924 यादीत मोडीला स्वतःचा कोड आहे आणि 2014 पासून ती युनिकोडमध्येही आहे. हा रकाना भरला की मोडी वाचणाऱ्यांना आपल्या कामाचे कागद एका फिल्टरवर मिळतात. वर्णन मराठीत लिहा आणि फाँड्स-सिरीजपुरतं इंग्रजीतही, बाहेरच्या अभ्यासकांना तेवढं पुरतं.

स्प्रेडशीट ते वेबसाइट

काम स्प्रेडशीटमध्येच सुरू करा. 'ॲक्सेस टू मेमरी' म्हणजे 'ॲटम' नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर खास आर्काइव्हसाठी आहे, इसाड-जीचे रकाने त्यात तयारच असतात. त्याची नमुना सीएसव्ही (साध्या मजकुरातली स्प्रेडशीट) मिळते, तिच्या कॉलमची नावं जशीच्या तशी ठेवून भरा. प्रत्येक ओळीला स्वतःचा एक आयडी आणि वरच्या थराचा आयडी असतो, यावरून सॉफ्टवेअरला झाड बांधता येतं. वरच्या थराची ओळ शीटमध्ये खालच्यांच्या आधी यायला हवी. सेव्ह करताना सीएसव्ही यूटीएफ-8 निवडा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतील. एक्सेल 001 चं 1 करतं आणि तारखा आपल्या मनाने फिरवतं, म्हणून ते कॉलम आधीच टेक्स्ट करून ठेवा किंवा सरळ लिबरऑफिस वापरा. पहिल्यांदा पाच-दहा ओळींची शीट टाकून बघा, बरोबर दिसली की मग बाकीची.

ॲटमला स्वतःचा लिनक्स सर्व्हर लागतो आणि तो सांभाळणारा माणूसही लागतो, तो नसेल तर हट्ट करू नका. शंभर-दोनशे फोटोंचा संग्रह असेल तर 'ओमेका' साध्या होस्टिंगवर चालतं आणि त्यात डब्लिन कोअरचे 15 रकाने येतात. तेही नको असेल तर इंटरनेट आर्काइव्हवर फुकट टाकता येतं, तिथेही शीर्षक, निर्माता, तारीख, विषय, भाषा हे रकाने असतात, फक्त फाँड्सचं एक पान वेगळं लिहून प्रत्येक आयटममधून त्याची लिंक द्या आणि संदर्भ कोड तोच ठेवा. सॉफ्टवेअर उद्या बदलेल, शीट आणि कोड तुमच्याकडे असले की सगळं परत उभं राहतं. त्या शीटच्या तीन कॉप्या तीन ठिकाणी ठेवा, एक घराबाहेर.

ॲटममधून नंतर ईएडीचा एक्सएमएल काढता येतो, आणि ओएआय-पीएमएच ही नोंदी देवाणघेवाणीची सोय चालू केली तर मोठी पोर्टलं तुमच्या नोंदी आपोआप उचलू शकतात. हे झालं की एका गावची ट्रंक दुसऱ्या देशातल्या अभ्यासकाच्या शोधात येते.

काय उघडं ठेवायचं आणि काय नाही

प्रकल्पग्रस्तांच्या कागदांत माणसांचे पत्ते, जमिनीचे वाद, भावाभावांतल्या केसेस, बँक खाती, नवीन फाईलींत आधारच्या झेरॉक्स असतात. वर्णन उघडं ठेवता येतं आणि स्कॅन बंद, हाच वर्णन आधी करण्याचा मोठा फायदा. 'उपलब्धतेच्या अटी' या रकान्यात कारण आणि मुदत दोन्ही लिहा, नुसतं "बंद" लिहू नका. आधारची झेरॉक्स ऑनलाइन टाकायचीच नाही, कुठल्याही कारणाने.

कॉपीराइटचा रकाना वेगळा. पत्र आपल्या ट्रंकेत आहे म्हणून त्याचा कॉपीराइट आपला होत नाही, तो लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा. फोटोला आपल्या 1957 च्या कायद्याने, 2012 च्या दुरुस्तीपासून, काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं संरक्षण आहे. राइट्सस्टेटमेंट्स डॉट ऑर्गवर 12 तयार विधानं आहेत, त्यातलं लागू पडेल ते निवडून त्याची लिंक रकान्यात टाका, स्वतःची वकिली भाषा बनवू नका.

आता स्कॅनर आणा. फाईलीच्या कोडनेच स्कॅनला नाव द्या, मागची कोरी बाजूही तिच्यावर शिक्का किंवा पेन्सिलची नोंद असेल तर स्कॅन करा.

शेवटचा रकाना वर्णन कोणी केलं, कुठल्या नियमाने, कुठल्या तारखेला, त्याचा. साइट चालू झाली की गावातली माणसं फोन करून सांगतात की फोटोत डावीकडून तिसरी ती माझी आत्या, ही तारीख चुकलीये, हा मोर्चा बेलापूरचा नाही वाशीचा. ही माहिती वर्णनात घाला, पण कोणाकडून आली आणि कधी ते या रकान्यात लिहून, आणि नाव द्यायचं की नुसतं "गावातल्या रहिवाशाकडून" म्हणायचं ते त्या माणसाला विचारून.